तुबल-काइन : पहिला लोहार

शाळेच्या वार्षिकांत एखाद्या थोर पुरुषाचें चरित्र द्यावें असा प्रघात आहे. राजे, सेनापति, शोधक, समाजसुधारक ह्यांचीं चरित्रें आमच्या वाचकांनीं पुष्कळ वाचलीं असतील. यंदा आम्हीं ज्याचें चरित्र निवडिलें आहे त्याला राज्य नव्हतें कीं सैन्य नव्हतें. त्याच्या जन्ममृत्यूचें वर्ष कोणीं लिहून ठेविलेलें नाहीं. त्याच्या आयुष्याचा सारा वृत्तांत मूळ ग्रंथांत एका वाक्यांत आटोपला आहे. तरीहि गेलीं दोन हजारांहून अधिक वर्षें विद्वान त्या एका वाक्यावर विचार करीत आले आहेत. इब्री शास्त्रांत ज्याला धातुकामाचा आद्य कारागीर म्हणून मान मिळाला, तो तुबल-काइन हाच आमच्या चरित्राचा नायक होय.

ह्या निवडीस एक लहानसें कारण घडलें. बायबलच्या तासाला उत्पत्तीच्या पुस्तकाचा चौथा अध्याय चालला होता. वर्गांतील एक मुलगा उभा राहिला आणि त्यानें विचारलें कीं, लोहारकाम जर खुनी काइनाच्या वंशांत सुरू झालें, तर तें काम शापित समजावें काय? त्याचे वडील लोहारकाम करितात हें वर्गास ठाऊक होतें. मागच्या बाकांवरील दोघेतिघे हसले. आम्हीं त्यांस गप्प केलें, परंतु प्रश्नाचें उत्तर आम्हांस त्या वेळीं नीट देतां आलें नाहीं. तास संपला, आणि मुलगा खालीं मान घालून वर्गाबाहेर गेला. तेव्हांपासून तो प्रश्न आमच्या मनांत राहिला आहे. प्रस्तुत चरित्र म्हणजे त्याचें उशिरा दिलेलें उत्तर आहे, असें वाचकांनीं समजावें.

प्रथम त्याचें कुळ पाहूं. आदाम व हव्वा ह्यांचा पहिला मुलगा काइन. त्यानें आपला धाकटा भाऊ हाबेल ह्याचा शेतांत वध केला आणि तो परागंदा झाला. पुढें त्यास हनोख नांवाचा मुलगा झाला. हनोखाचा इराद, इरादाचा महूयाएल, महूयाएलाचा मथुशाएल आणि मथुशाएलाचा लामेख, अशी ही वंशावळ चालते. आदामापासून मोजिलें असतां लामेख हा सातवा पुरुष होय. शास्त्रांत एकाहून अधिक बायका केल्याचा पहिला उल्लेख ह्याच लामेखाविषयीं आहे. त्याच्या एका बायकोचें नांव आदा व दुसरीचें सिल्ला. आदेला याबाल व युबाल असे दोन मुलगे झाले. सिल्लेला तुबल-काइन हा मुलगा झाला, आणि त्याला नामा नांवाची एक बहीण होती.

ह्या तिघां भावांच्या हातून मनुष्याच्या संसारांत तीन मोठ्या गोष्टी आल्या असें शास्त्र सांगतें. याबाल हा तंबूंत राहून गुरें पाळणाऱ्यांचा मूळ पुरुष झाला. युबाल हा वीणा व बासरी वाजविणाऱ्यांचा मूळ पुरुष झाला. तुबल-काइन हा तांब्याचीं व लोखंडाचीं हत्यारें घडूं लागला. एकानें अन्न व दूध दिलें, दुसऱ्यानें सूर दिला, तिसऱ्यानें धार दिली. एकाच लहानशा घरांत हीं तिन्ही दानें एकवटलीं आहेत हें वाचकांनीं लक्षांत ठेवावें. पुढें आम्हांस ह्याच गोष्टीकडे परत यावयाचें आहे.

तुबल-काइनाविषयींच्या वाक्यांत लोतेश असा एक इब्री शब्द आला आहे. त्याचा अर्थ ठोकून धार काढणारा, पाजविणारा असा होतो. आपल्याकडे खेड्यांतून शेतकरी पेरणीपूर्वीं झिजलेला फाळ किंवा बोथट कुदळ लोहाराकडे नेतो. लोहार तें लोखंड भट्टींत लाल करून ऐरणीवर ठोकतो आणि त्याला नवें टोंक काढून देतो. ह्यास फाळ शेवटणें म्हणतात. इब्री शब्दांत नेमकें हेंच काम सांगितलें आहे. वाक्यांत दोन धातूंचीं नांवें आहेत. नहोशेत हा शब्द तांबें व कांसें ह्या दोहोंसहि चालतो. बर्जेल म्हणजे लोखंड.

ह्या दोन धातूंच्या मागें केवढे श्रम आहेत हें मुलांनीं जाणून घ्यावें. तांबें वितळण्यास १०८५ अंश सेल्सिअस उष्णता लागते. चुलीचा जाळ तेथवर पोहोंचत नाहीं. त्यासाठीं कोळसा, बंदिस्त भट्टी आणि भात्याचा किंवा फुंकनळीचा वारा लागतो. तांब्यांत सुमारें दहावा हिस्सा कथील मिसळलें म्हणजे कांसें होतें, आणि तें तांब्याहून कठीण असतें. लोखंडाचा वितळण्याचा अंश १५३८ आहे. प्राचीन भट्ट्यांत इतकी उष्णता होत नसे. म्हणून त्या काळचा लोहार लोखंड ओतीत नसे. भट्टींतून स्पंजासारखा सच्छिद्र गोळा निघे. तो लाल असतांनाच घणाखालीं घालून त्यांतलें कीट झाडून काढावें लागे, आणि पुन्हां तापवून पुन्हां ठोकावें लागे. एका फाळामागें किती घाम गळत असेल ह्याची कल्पना करावी.

भूमींतून निघालेल्या वस्तूंवरून पाहतां हें सारें एका पिढींत घडलें नाहीं. मृत समुद्राच्या पश्चिमेस उंच कड्यांतील एका गुहेंत १९६१ सालीं संशोधकांस तांब्याच्या चारशेंहून अधिक वस्तूंचा एक सांठा मिळाला. त्या वस्तू चटईंत गुंडाळून ठेविलेल्या होत्या. त्यांत मुकुटासारखीं कडीं, दंड व गदेचीं टोंकें आहेत, आणि त्यांपैकीं पुष्कळ मेणाचा नमुना करून ओतलेल्या आहेत. त्यांचा काळ सुमारें सहा हजार वर्षांपूर्वींचा ठरतो. लोखंड मात्र सर्वत्र वापरांत आलें तें पुष्कळ मागाहून, ख्रिस्तपूर्व १२०० च्या पुढें. त्यापूर्वीं मनुष्यास लोखंड मिळे तें बहुधा आकाशांतून पडलेल्या उल्कांचें. मिसर देशाचा राजा तुतानखामेन ह्याची कबर १९२२ सालीं सांपडली. तींतील लोखंडी खंजिराची परीक्षा होऊन २०१६ सालीं असें प्रसिद्ध झालें कीं, तें लोखंड उल्केचेंच आहे. तेव्हां तांबें व लोखंड हीं दोन्ही एकाच पुरुषाच्या नांवावर मांडण्यांत शास्त्रकारानें हजारों वर्षांची कारागिरी एका वाक्यांत गोळा केली आहे, असेंच म्हणावें लागतें.

आतां त्याच्या नांवाचा विचार करूं. कारण मुलाच्या प्रश्नाची गांठ नांवांतच आहे. तुबल-काइन ह्या जोडनांवांतील काइन हा शब्द ऐकतांच आपणांस खुनी भाऊ आठवतो. परंतु त्या शब्दाचे अर्थ एकाहून अधिक आहेत. हव्वेनें पहिल्या मुलाचें नांव ठेवितांना, मला प्राप्त झाला ह्या अर्थाच्या क्रियापदाशीं तें जोडलें. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकांत एका पलिष्टी वीराच्या भाल्यास जो शब्द योजिला आहे, त्याचीं इब्री अक्षरें तींच आहेत. आणि अरबी भाषेंत कैन ह्या शब्दाचा अर्थच लोहार असा आहे. अरामी भाषेंतहि धातुकाम करणाऱ्यास ह्याच धातूपासून झालेला शब्द आहे. म्हणून पुष्कळ पंडित तुबल-काइन ह्याचा अर्थ लोहार तुबल असा करितात. म्हणजे नांवाचा दुसरा भाग खुन्याची आठवण म्हणून नव्हे, तर धंद्याची ओळख म्हणून लागला असणें शक्य आहे. ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकांत आलेक्झांड्रिया शहरीं शास्त्राचें ग्रीक भाषांतर सुरू झालें. त्यांत तर ह्या ठिकाणीं नुसतें थोबेल, म्हणजे तुबल, एवढेंच नांव आहे.

केनी नांवाचे जे लोक शास्त्रांत येतात त्यांचें नांवहि ह्याच शब्दाशीं जुळतें. मोशेचा सासरा केनी होता असें शास्ते ह्या पुस्तकांत म्हटलें आहे. हे लोक दक्षिणेच्या रानांत तंबू ठोकून राहत. त्या बाजूस अराबाच्या दरींत तिम्ना येथें तांब्याच्या जुन्या खाणी आहेत. मिसरी राजांचे लोक ख्रिस्तपूर्व तेराव्या व बाराव्या शतकांत तेथून तांबें काढीत. ह्यावरून केनी लोक फिरते धातुकार असावेत असा तर्क कित्येकांनीं केला आहे. आपल्या मुलुखांतहि बिऱ्हाड पाठीवर घेऊन गांवोगांव ऐरण मांडणारे लोक आपण पाहिले आहेत. त्यांच्यावरून हा तर्क समजण्यास सोपा जाईल.

तुबल हा पहिला भाग उरला. याबाल, युबाल, तुबल हीं तीन नांवें एकाच सांच्यांतून निघाल्यासारखीं वाटतात. आणणें, उत्पन्न करणें ह्या अर्थाच्या एका इब्री धातूशीं त्यांचा संबंध लावितात. दुसरें मत असें कीं, हें एका देशाचें नांव आहे. उत्पत्तीच्या दहाव्या अध्यायांत याफेथाच्या मुलांमध्यें तुबल हें नांव आहे. यहेज्केल संदेष्ट्याच्या ग्रंथांत तुबल, मेशेख व यावान येथील व्यापारी सोर नगराच्या बाजारांत दास आणि तांब्याचीं पात्रें आणीत असें वर्णन आहे. अश्शूरी राजांच्या शिलालेखांतून ताबाल नांवाचा देश येतो. तो आजच्या तुर्कस्तानाच्या मध्यभागीं डोंगराळ प्रदेशांत होता. अश्शूरचा बलाढ्य राजा सर्गोन ख्रिस्तपूर्व ७०५ सालीं त्याच बाजूच्या स्वारींत मारला गेला. तिसरें मत त्याहून जुन्या काळाकडे जातें. सुमेरी भाषेंत धातुकाम करणाऱ्यास तिबिरा म्हणत, आणि महापुराच्या पूर्वींच्या नगरांत बाद-तिबिरा, म्हणजे धातुकारांचा कोट, ह्या नगराची गणना सुमेरी लोक करीत. तुबल हा त्या शब्दाचाच पडसाद असावा असें कांहींस वाटतें. तिन्ही मतांत मतभेद असला तरी एक गोष्ट समान आहे. ह्या नांवाचा माग काढीत कोठेंहि गेलें तरी वाट शेवटीं एखाद्या भट्टीपाशींच येऊन थांबते.

शास्त्रांतील वाक्य एवढेंच. पण लोकांस तेवढ्यानें समाधान झालें नाहीं. पुढील शतकांत त्याच्या आयुष्यांतील रिकाम्या जागा भरण्यांत आल्या. पहिल्या शतकांतील यहुदी इतिहासकार जोसेफस ह्यानें त्याला अंगबळानें सर्वांस मागें टाकणारा व युद्धकलेंत निपुण असा वीर बनविलें. फ्रान्स देशांत १०४० ते ११०५ ह्या काळांत होऊन गेलेला मोठा भाष्यकार राशी ह्यानें जुन्या गुरूंचें मत पुढें चालविलें. त्यानें तुबल हा शब्द मसाला ह्या अर्थाच्या इब्री शब्दाशीं जोडला. मसाल्यानें जशी भाजी चविष्ट होते, तसा तुबल-काइनानें खून करणाऱ्यांस शस्त्रें पुरवून काइनाचा धंदा चविष्ट केला, असा त्याचा अर्थ. ह्याहून कठोर शब्द कोणत्याहि कारागिराच्या वाट्यास आले नसतील.

त्याच्या मृत्यूचीहि एक दंतकथा यहुदी परंपरेंत आहे. लामेख म्हातारपणीं आंधळा झाला होता आणि मुलगा त्यास हातास धरून नेत असे. एकदां मुलास लांबवर कांहीं हालतांना दिसलें. तें श्वापद आहे असें समजून त्यानें बापास बाण सोडावयास सांगितलें. बाण लागला, पण पाहतात तों तो त्यांचा पूर्वज काइन! लामेखानें शोकानें दोन्ही हात एकमेकांवर आपटले आणि मध्यें सांपडून मुलगाच ठार झाला. शास्त्रांत ही गोष्ट नाहीं. परंतु ज्यांनीं ती रचिली त्यांच्या मनांतील भय तींत स्पष्ट दिसतें. धारेचें हत्यार एकदां हातांत आलें म्हणजे तें परक्यास लागेल कीं आपल्यास, हें आंधळ्या हातास कळत नाहीं. युरोपांतील पंडितांनीं मात्र त्याचा उलट गौरव केला. इंग्लंडचा वॉल्टर रॅले ह्यानें १६१४ सालीं प्रसिद्ध केलेल्या जगाच्या इतिहासांत रोमन लोकांचा अग्निदेव व्हल्कन तो हाच, असें म्हटलें. दोन नांवांच्या ध्वनींतील साम्यावर हें मत बरेंच अवलंबून होतें. भाषाशास्त्र तें मानीत नाहीं.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. तुबल-काइनाच्या धंद्यावर शास्त्राचा रोष आहे काय? तो मुलगा उगाच घाबरला नव्हता, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. त्याच्याविषयींचें वाक्य संपतें न संपतें तोंच त्याचा बाप लामेख आपल्या बायकांपुढें बढाई मारूं लागतो. आपणांस जखम करणाऱ्या माणसास आपण ठार केलें, आणि काइनाचा सूड सातपट तर आपला सत्त्याहत्तरपट, असें तो सांगतो. मुलाच्या भट्टीशेजारींच बापाची ही बढाई ठेविलेली आहे, ती सहज नव्हे. पुढें मोशेच्या नियमशास्त्रांतहि अशी आज्ञा आहे कीं, दगडांची वेदी बांधणें झाल्यास ती न घडलेल्या दगडांची असावी. हत्यार लागलें कीं ती भ्रष्ट होते. तेथें हत्यारासाठीं जो इब्री शब्द आहे तोच तरवारीसहि लावितात. शलमोनानें मंदिर बांधिलें तेव्हां त्या जागीं लोखंडी हत्याराचा आवाज ऐकूं आला नाहीं असें म्हटलें आहे. लोखंड मनुष्याचें आयुष्य तोडतें, आणि वेदी तें वाढविते. म्हणून एकाचा दुसऱ्यास स्पर्श नसावा, असें यहुदी गुरूंनीं ह्याचें कारण दिलें आहे.

ही झाली एक बाजू. दुसरीहि तितकीच स्पष्ट आहे. शौल राजाच्या काळीं पलिष्टी लोकांनीं इस्राएलाच्या देशांत एकहि लोहार राहूं दिला नव्हता. प्रत्येक शेतकऱ्यास आपला फाळ, आपली कुऱ्हाड पाजविण्यासाठीं शत्रूच्या मुलुखांत उतरून जावें लागे, आणि त्याबद्दल पीम नांवाच्या मापाइतकें रुपें मोजावें लागे. हें माप काय होतें ह्याचा उलगडा बरींच शतकें झाला नव्हता; पुढें त्या देशांत हाच शब्द कोरलेलीं दगडी वजनें सांपडलीं, आणि तें वजन ७ ते ८ ग्रॅम, म्हणजे सुमारें दोन तृतीयांश शेकेल, असल्याचें कळलें. त्या कथेंत फाळ पाजविण्यास जें क्रियापद आहे, तेंच तुबल-काइनाच्या वाक्यांत आहे. आणि एका स्तोत्रांत तरवार पाजविण्यासहि तेंच आहे. फाळासाठीं एक शब्द आणि तरवारीसाठीं दुसरा, असा भेद भाषेनें केला नाहीं. ज्या राष्ट्रांत लोहार नाहीं तें राष्ट्र शेतकऱ्याच्या फाळापासून परावलंबी होतें, हें मात्र शास्त्रानें त्या कथेंत दाखविलें.

आणखी पाहा. निवासमंडप बांधण्यासाठीं बसालेलाची निवड झाली, तेव्हां सोनें, रुपें व तांबें ह्यांचें काम करण्याचें कौशल्य त्यास देवाच्या आत्म्यापासून मिळालें असें म्हटलें आहे. शलमोनाच्या मंदिराचे कांस्यस्तंभ ज्या सोरच्या हिरामानें ओतले, त्याच्या बापाचा धंदा सांगतांना तांबें घडणाऱ्याचे तेच दोन इब्री शब्द आले आहेत, जे तुबल-काइनाच्या वाक्यांत आहेत. यशया व मीखा ह्या संदेष्ट्यांनीं शांतीच्या दिवसाचें चित्र काढिलें, त्यांत तरवारींचे फाळ आणि भाल्यांच्या कोयत्या होतात. हें काम कोण करणार? तरवार आपोआप फाळ होत नाहीं. तिला भट्टींत घालून, ऐरणीवर ठेवून, घणाखालीं नवा आकार द्यावा लागतो. शांतीच्या त्या दिवशींहि लोहाराची भट्टी पेटलेलीच असणार.

आतां त्या घराकडे परत येऊं, जेथें तीन भाऊ होते. लोहारकाम काइनाच्या वंशांत निघालें म्हणून शापित मानावयाचें, तर गुरें पाळणें आणि वीणा वाजविणें हींहि शापित मानिलीं पाहिजेत. कारण तीं त्याच घरांत निघालीं. पण युबालाच्या वाद्याचें जें इब्री नांव आहे, तेंच दाविदाच्या वाद्याचें आहे. त्याच वाद्यानें दाविदानें शौलाचें व्याकुळ मन शांत केलें. युबालाच्या वीणेस आम्ही उपासनेंत मान देतों आणि तुबल-काइनाच्या ऐरणीकडे नाक मुरडून पाहतों, हा न्याय शास्त्राचा नव्हे. तो आमचा आहे. शास्त्रानें शाप दिला तो भावाचें रक्त सांडणाऱ्या हातास. फाळाला धार देणाऱ्यास शाप दिल्याचें त्या अध्यायांत कोठेंहि नाहीं.

मग जोसेफस आणि राशी ह्यांचें म्हणणें खोटें काय? तसेंहि आम्ही म्हणत नाहीं. त्यांनीं धारेचें दुसरें टोंक पाहिलें होतें, आणि त्यांच्या नंतरच्या काळानें तें त्यांच्याहून अधिक पाहिलें आहे. म्हणून त्यांची ताकीद लोहारापुरती न समजतां, जो जो कांहीं घडवितो त्या प्रत्येकानें ती आपल्यासाठीं समजावी. आमच्या विद्यार्थ्यांपैकीं कोणी यंत्रें करितील, कोणी औषधें करितील, कोणी लेखणी चालवितील. प्रत्येकाच्या हातीं कांहीं ना कांहीं धार येणारच आहे. ती कोणाच्या हातांत द्यावयाची आणि कशासाठीं, हा प्रश्न तुबल-काइनास कोणीं विचारल्याचें लिहिलेलें नाहीं. तो आपणांस विचारला जाईल.

पालकांस आमची एवढीच विनंति कीं, मुलानें हातानें काम करणें शिकावें असें तो म्हणूं लागला, तर त्यास कमी लेखूं नये. आणि ज्या मुलानें वर्गांत उभें राहून तो प्रश्न विचारला, त्यानें हें पान घरीं नेऊन आपल्या वडिलांस वाचून दाखवावें. त्यांचा धंदा शास्त्रांतील फार जुन्या धंद्यांपैकीं आहे. त्याच्या आद्य पुरुषाला शास्त्रानें नांवानें ओळखलें आहे, आणि त्याच्या कामास मंदिरांतहि जागा दिली आहे. त्या दिवशीं जें उत्तर आम्हांस देतां आलें नाहीं, तें हें. त्यानें प्रश्न विचारला नसता तर आम्हींहि तें एक वाक्य आजवर वाचीत आलों तसेंच वाचून पुढें गेलों असतों.